भावाला ओलान्झापाइन सुरू आहे, दिवसभर झोपतो, वजन वाढतंय, गोळी बंद केली तर चालेल का?

ताई, तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जाईना, कारण अगदी हाच प्रश्न माझी आई दहा-बारा वर्षांपूर्वी गल्लीतल्या बायकांना विचारत फिरायची. तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला बार्शीत ओलान्झापाइन १० मिलीग्रॅम सुरू होऊन दीड महिना झाला, कानात आवाज यायचे ते बरेच कमी झालेत, पण सकाळी अकराशिवाय उठत नाही, सहा किलो वजन वाढलंय, आणि काका म्हणतायत की ह्या झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल, किडनी जाईल, बंद करून टाका.

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीला टॉवेलच्या एका कारखान्यात सूत गोडाऊनचा हिशोब बघतो आणि २०१२ पासून ह्या जातीच्या (अँटिसायकॉटिक म्हणतात) गोळ्या खातोय, त्यातली बरीच वर्षं हीच ओलान्झापाइन. तेव्हा जे सांगतो ते खाल्लेल्या माणसाचं समजून वाचा, भावाचं काय करायचं ते त्याचे डॉक्टरच ठरवणार.

बंद करू नका. डोस कमी करता येतो, घ्यायची वेळ बदलता येते, गोळीच बदलता येते, हे सगळं होतं, पण ते डॉक्टरांना सांगून. मी न सांगता केलं होतं, ते आधी सांगतो.

२०१४ ची गड्ड्याची यात्रा, आमच्या सोलापुरातली संक्रांतीची. मला ओलान्झापाइन सुरू होऊन वर्ष झालेलं, आवाज पूर्ण गेलेले, वजन ५८ चं ७१ झालेलं, कारखान्यात पोरं मला 'भोपळा' म्हणायची. संक्रांतीच्या आधी मी ठरवलं, बास. आई रोज रात्री हातात गोळी द्यायची, मी ती दाढेच्या मागं सरकवायचो, पाणी प्यायचो, आणि मागच्या दारी जाऊन थुंकायचो. आणि काय सांगू ताई, पहिले पंधरा दिवस सोन्यासारखे गेले. सकाळी सहाला आपोआप जाग, डोकं हलकं, भूक आटोक्यात, होम मैदानावर रात्री बारापर्यंत दोस्तांबरोबर फिरलो, आईच म्हणली की पोरगं पहिल्यासारखं हसायलंय. म्हणजे गोळीच वाईट होती, बघा सिद्ध झालं! असं मला वाटलं.

गंमत अशी आहे की गोळी सोडली की आधी जातात ते साइड इफेक्ट, आजार परत यायला वेळ लागतो. कुणाला चार आठवडे, कुणाला चार-सहा महिने. त्यामुळे मधल्या काळात माणूस खरंच छान दिसतो आणि घरातले सगळे चुकीचा हिशोब मांडून बसतात. पुढं बिघडलं की कुणी गोळीशी जोडत नाही, नजर लागली म्हणतात, टेन्शन आलं म्हणतात. माझं फेब्रुवारीत सुरू झालं. आधी झोप गेली, सहाची पाच तास, पाचची तीन. मग संशय, की सुपरवायझर माझ्याच गोण्या मुद्दाम कमी मोजतोय. होळीच्या सुमाराला तर शेजारच्या शेडमधला माग माझं नाव घ्यायला लागला, त्या खटखटीत मला स्पष्ट शब्द ऐकू यायचे आणि मी मागाला उलट उत्तरं द्यायचो. शेवटी आईलाच कळलं, ती विड्या वळायला बसते त्या सुपात, तेंदूच्या पानाखाली, एक पांढरी अर्धी विरघळलेली गोळी चिकटलेली सापडली. मी थुंकताना अंधारात तिच्याच सुपात पडली होती बहुतेक. ती ओरडली नाही, तसंच सूप घेऊन डॉक्टरांकडं गेली. पुढची तीन आठवडे ॲडमिट, आणि १० वर होतो तो १५ वर गेलो. तेव्हापासून बरेच महिने जिभेवर विरघळणारी गोळी होती, ओलान्झापाइनची ती पण मिळते, लपवायची सोय नाही.

आता काकांचे मुद्दे. सवय लागते का, तर दारू-गांजासारखी नाही. तलफ येत नाही, दर महिन्याला डोस वाढवावा लागतो असं नाही. पण शरीर गोळीला सरावतं, एकदम तोडली तर झोप उडते, मळमळतं, घाम येतो, म्हणून बंद करायची झाली तरी पायरी पायरीने कमी करतात. किडनीचं म्हणाल तर ओलान्झापाइनचं काम मुख्यतः लिव्हर निपटतं, किडनीवर नजर ठेवावी लागते ती लिथियमला, ती वेगळी गोळी, वेगळा आजार. लोक दोन्हींची खिचडी करतात. आणि झोपेची गोळी आहे का, तर नाही, पण काकांना तसं का वाटतं ते बरोबर आहे. ही गोळी मेंदूत डोपामिन नावाच्या रसायनाची दारं अडवते, त्याने आवाज आणि संशय कमी होतात. त्याचबरोबर ती हिस्टामिनची दारं पण अडवते, सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते ना, तेच कारण. गुंगी पहिल्या रात्रीपासून, आणि आवाज जायला दोन ते सहा आठवडे, म्हणून घरच्यांना पहिला महिनाभर फक्त झोपच दिसते.

झोपेवर एक साधा उपाय आहे, तो डॉक्टरांना विचारा. भाऊ गोळी किती वाजता घेतो ते तुम्ही लिहिलं नाहीत. ही गोळी पोटात गेल्यावर साधारण सहा तासांनी रक्तात सगळ्यात जास्त असते. मी रात्री अकराला घ्यायचो, म्हणजे पहाटे पाचला ऐन जोरात, आणि सातला आई हलवून उठवायची तर मी दगड. डॉक्टरांनी नुसती वेळ बदलून साडेआठ केली, जेवण झालं की लगेच, आठवड्याभरात साडेसातला उठायला लागलो. सुरुवातीची गुंगी काही आठवड्यांत थोडी आपोआपही उतरते. पण तोवर गाडी, माग, कटिंग मशीन, विहिरीचा काठ, ह्यापासून लांब. आणि अंथरुणातून ताडकन उठायचं नाही, आधी बसायचं मग उभं राहायचं, बीपी एकदम खाली येऊन चक्कर येते, मी एकदा मोरीत पडलोय.

वजनाचं मात्र हलक्यात घेऊ नका, इथं मी काकांच्या बाजूने आहे. ओलान्झापाइन आणि क्लोझापाइन ह्या दोन गोळ्या वजनाला सगळ्यात वाईट, आणि नुसतं पोट सुटत नाही तर साखर आणि कोलेस्टेरॉल पण वाढतं. दीड महिन्यात सहा किलो म्हणजे डॉक्टरांना आजच सांगायची गोष्ट आहे, पुढच्या तारखेची वाट बघू नका. ही भूक आळशी माणसाची नसते हे घरात सगळ्यांना समजवा, प्लीज. मी रात्री बाराला उठून अंधारात कडक भाकरी मोडून शेंगाचटणी आणि तेल घेऊन खात बसायचो, पोट भरलंय हे डोक्यापर्यंत पोचायचंच नाही, आणि वडील उठून म्हणायचे 'काय बे, राक्षस झालास का?' तो शब्द अजून आठवतो. नंतर आईने रात्री डबे वरच्या फळीवर ठेवले आणि माझ्या उशाशी काकडी, फुटाणे, पाण्याचा तांब्या. कोल्ड्रिंक घरात आणणं बंद. तोंड कोरडं पडतं म्हणून पेशंट लोक गोड थंड पितात आणि निम्मं वजन तिथून येतं, असा माझा अनुभव आहे.

मी दर सोमवारी गोडाऊनच्या सुताच्या काट्यावर वजन करायचो, गोणी उतरली की मी चढायचो, हमाल हसायचे. एका दोनशे पानी वहीत तारीख, वजन, किती तास झोप, अंग आखडलं का, आवाज आले का, एवढं एका ओळीत. डॉक्टरांना ही वही दाखवली की दोन मिनिटांत मुद्द्यावर येतात. गोळी सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल बघून ठेवायचं असतं, वजन पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी, आणि साखर-कोलेस्टेरॉल परत तिसऱ्या महिन्यात, नंतर वर्षातून एकदा तरी. भावाचं सुरुवातीला झालं नसेल तर आता करून घ्या. माझी उपाशीपोटी साखर ११२ आली होती, म्हणजे डायबेटिस नाही पण दारात उभा. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन जोडली, ती साखरेची गोळी आहे पण ह्या वाढीला आवर घालायलाही देतात, आणि कंबर तलावाला रोज संध्याकाळी चार फेऱ्या. आज ६६ वर आहे, डोस साडेसात. ५८ परत दिसणार नाही हे मान्य केलंय.

आता सगळ्यात भीतीदायक दिसणारी गोष्ट, जी ओलान्झापाइनने कमी होते पण होऊ शकते, त्यात भाऊ तरुण आहे. २०१२ ला पहिल्यांदा ॲडमिट होतो तेव्हा मला हॅलोपेरिडॉलची (ह्याच जातीचं जुनं औषध) इंजेक्शनं दिली होती. घरी सोडलं त्याच संध्याकाळी माझी मान आपोआप डावीकडं वळायला लागली, वळतच गेली, डोळे वर गेले ते खाली येईनात, जीभ जाड. मला सगळं कळत होतं पण बोलता येत नव्हतं. आजीने हळद-कुंकू आणलं, अंगात आलंय म्हणली, गल्ली गोळा झाली, कुणीतरी बाहेरचं बघणाऱ्याला बोलवायला गेलं. आईबरोबर विड्या वळणारी एक मावशी होती, तिच्या दिराला असंच झालेलं, ती म्हणली रिक्षा बोलवा. कॅज्युअल्टीत एक इंजेक्शन दिलं, फेनरगन होतं, आणि वीस-पंचवीस मिनिटांत मान सरळ. आजी शेवटपर्यंत म्हणायची की रिक्षात तिने अंगारा लावला म्हणून उतरलं. असो. ह्याला डिस्टोनिया म्हणतात, पहिल्या चार-पाच दिवसांत किंवा डोस वाढवल्यावर होतो, घाबरण्यासारखा दिसतो पण लगेच उतरतो, तरी घशात आवळल्यासारखं झालं तर एक मिनिट थांबायचं नाही.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा आणि कुणाला दिसत नाही. बसवत नाही. पायात मुंग्यांचं वारूळ असल्यासारखं, उभं राहिलं तर चालावंसं वाटतं, चाललं तर बसावंसं. ह्याला अकाथिझिया म्हणतात. मी रात्रभर घरात येरझाऱ्या घालायचो आणि तेव्हाच्या एका डॉक्टरांनी (नाव नको) चार मिनिटांत बघून आजार वाढलाय म्हणून डोस वाढवला, त्याने अजून वाढलं, त्या आठवड्यात मला जीव द्यावासा वाटला होता ताई, खोटं सांगत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, 'बेचैनी डोक्यात आहे की पायात?' मी म्हणलो पायात. त्यांनी डोस कमी केला आणि थोडे दिवस प्रोप्रॅनोलॉल दिली. (ती दम्याच्या माणसाला चालत नाही, म्हणून हे वाचून मेडिकलमधून आणू नका.) भाऊ गोळी वाढवल्यावर जास्त अस्वस्थ झाला तर हा प्रश्न त्यालाच विचारा. आणि जीवाचं बोलला तर एकटं सोडू नका, लगेच दवाखाना, रात्री-बेरात्री बोलायला १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात.

हात थरथरणं, चेहरा लाकडासारखा होणं ह्यासाठी बऱ्याच जणांना ट्रायहेक्सीफेनिडिल देतात, आपल्याकडं सगळे तिला पॅसिटेनच म्हणतात. ती उपयोगी आहे पण वर्षानुवर्षं उगाच चालू राहते, तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, लघवी अडखळते, विसरायला होतं. भावाच्या चिठ्ठीवर असेल तर अजून गरज आहे का एवढं विचारा. आणि महिने-वर्षांनी ओठ, जीभ आपोआप चघळल्यासारखी हलायला लागली तर लवकर दाखवा, ते उशीर झाला की कायमचं राहू शकतं. जुन्या गोळ्यांनी जास्त होतं.

ऊन! ह्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. ह्या गोळ्यांनी शरीराचं तापमान सांभाळायची यंत्रणा ढिली पडते, पॅसिटेन असेल तर घामही कमी येतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला, त्यात पत्र्याचं शेड. मला एका दुपारी अंग तापलं, घाम नाही, बोलणं बरळल्यासारखं, पोरांनी पाणी ओतून रिक्षात घातलं. आता मार्च ते जून दुपारी बारा ते चार मी बाहेर पडत नाही, पाण्याची बाटली कमरेला, ताक.

आणि ह्यातच लक्षात ठेवायची एक गोष्ट, जी हजारात क्वचित एखाद्याला होते पण जीवावर येते. खूप ताप, अंग काष्ठासारखं ताठ, घाम, आणि माणूस गोंधळलेला, सगळं एकत्र. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात. गोळी सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जास्त. आपल्याकडं ऊन लागलं म्हणून कांदा चोळत बसतील. तसं करू नका, त्या रात्रीची गोळी देऊ नका, स्ट्रिप खिशात घालून सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, आणि आत शिरताच 'हा अँटिसायकॉटिकवर आहे' हे वाक्य बोला. मी वर म्हणलो स्वतःहून बंद करू नका, त्याला हा एवढा अपवाद.

भाऊ विडी-सिगरेट ओढतो का? हसू नका, कामाचं आहे. धुरामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात काम करायला लागतं आणि ओलान्झापाइन लवकर फोडून टाकतं, त्यामुळे ओढणाऱ्याला तोच डोस कमी पडतो. मी घरच्याच विड्या ओढायचो, दिवसाला वीस तरी. एका श्रावणात एकदम सोडल्या आणि आठ-दहा दिवसांत परत दगड झालो, तोंडातून लाळ, दुपारी जेवताना डुलकी. डॉक्टरांनी विचारलं काय बदललं, मी म्हणलो काहीच नाही, आई म्हणली विडी सोडलीय की. तेव्हाच डोस उतरवला. म्हणजे सोडावी जरूर, पण डॉक्टरांना सांगून. हा खेळ धुराचा आहे, तंबाखू मळून खाल्ली तर हे होत नाही, म्हणून मावा सुरू करू नका मात्र, तोंडाची वाट लागते. दारू नको, आणि शिंदी तर अजिबात नको, त्यात बऱ्याचदा गुंगीची पावडर मिसळलेली असते, वर ही गोळी, माणूस उठायचाच नाही.

एखाद्या रात्री विसरला तर? गोळी शरीरात बराच वेळ राहते, अर्धी व्हायला दीड दिवसाच्या आसपास लागतो, त्यामुळे एका रात्रीने आभाळ कोसळत नाही. रात्रीच आठवलं तर घ्यायची, सकाळी आठवलं तर सोडून द्यायची, पण दुसऱ्या दिवशी दोन नाही. आणि त्याची गोळी दुसऱ्याला नाही. आमच्या शेजारच्या काकू सासऱ्यांना रात्री बडबडतात म्हणून दोन गोळ्या मागायला आल्या होत्या, मी दिल्या नाहीत, तोंड वाकडं करून गेल्या. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांत ह्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीएने २००५ लाच तशी वॉर्निंग छापायला लावली. तिथं डॉक्टरसुद्धा फार विचार करून देतात.

एवढं करूनही वजन थांबलं नाही तर डॉक्टर गोळी बदलतील. आरिपिप्राझोलने वजन कमी वाढतं, पण बेचैनी जास्त होऊ शकते. रिस्पेरिडोन मधली, तिने प्रोलॅक्टिन (बाईला दूध आणणारं हार्मोन, पुरुषांतही असतं) वाढतं, स्तन दुखणं, कामेच्छा कमी होणं असं होतं, आणि हे पोरं बहिणीसमोर सांगत नाहीत, म्हणून भावाला पाच मिनिटं डॉक्टरांबरोबर एकटं सोडा. दोन गोळ्या नीट देऊनही आवाज जात नाहीत तेव्हा क्लोझापाइन, ती सगळ्यात गुणकारी पण पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, आणि तिच्यावर बद्धकोष्ठ झालं तर ते साधं समजायचं नाही. बदलतानाही जुनी हळूहळू उतरवतात, नवी चढवतात. काहींना रोजच्या गोळीपेक्षा महिन्याचं इंजेक्शन सोयीचं पडतं.

किती वर्षं घ्यावी लागेल हे तुम्ही विचारलं नाहीत पण काका विचारतील. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटल्यानंतरही निदान एक-दोन वर्षं चालू ठेवतात, मग हळू कमी करून बघतात, माझ्यासारखा परत पडला तर जास्त वर्षं. मी आता विचारणं सोडलंय, साडेसातची गोळी आणि साडेआठची वेळ, बीपीच्या गोळीसारखी.

खर्चाचं म्हणाल तर जनऔषधीत ओलान्झापाइन मिळते, खूप स्वस्त, फक्त चिठ्ठी लागते. सोलापुरात दुसरं मत घ्यायचं असेल तर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, सकाळी लवकर केसपेपर काढा, गर्दी असते. येताना जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप, आयुर्वेदिक काढा देत असाल तर ती बाटली पण घ्या, आणि गोळी सुरू व्हायच्या आधीचं वजन आठवून लिहून आणा. साखर तपासायला उपाशीपोटी लागतं, तेव्हा बार्शीहून पहिल्या एसटीने निघा, भावाला गाडीत काही खाऊ देऊ नका, डबा सोबत ठेवा, रक्त दिलं की तिथंच बाहेर बसून खाऊ दे.